वाल्डनर आणि चीनच्या पाच पिढ्या

टेबल टेनिसमधला सगळ्यात मोठा खेळाडू कोण हा वाद मी हल्ली घालत नाही, कारण आकडे काढले की वाद उरतच नाही. मा लाँग. ऑलिंपिकची सहा गोल्ड, त्यातली दोन सिंगल्सची, शिवाय वर्ल्ड चॅम्पियनशिपची तीन सिंगल्स टायटल्स, मिटला विषय. त्याच्यासमोर स्वीडनच्या यान-ओवे वाल्डनरचं खातं उघडलं तर काय निघतं? ऑलिंपिक सिंगल्सचं एक गोल्ड, एक सिल्व्हर, वर्ल्ड सिंगल्स दोनदा, वर्ल्ड कप एकदा, युरोपियन सिंगल्स एकदा. भारीच आहे, पण सगळ्यात भारी म्हणावं इतकं काही नाही. आणि तरीही टीटी खेळणाऱ्या, त्यातही चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, तोंडातून आधी वाल्डनर निघतो, मग जरा थांबून, हां, मा लाँग पण आहे म्हणा, असं.

युरोपातल्या लोकांचं हे प्रेम समजू शकतं, आपला माणूस, आपला काळ वगैरे. पण चीनचं काय? चीनमध्ये या माणसाला लाओ वा म्हणतात, कधीही पानगळ न होणारं झाड म्हणतात, तो तिकडे गेला की गर्दी जमायची. ज्यानं त्यांच्या टीमला तोंडावर पाडलं, ज्याच्यामुळे त्यांचा राष्ट्रीय खेळ काही वर्षं त्यांच्या हातातून गेला, त्या माणसावर इतकं प्रेम? दुसऱ्या कुठल्या खेळात असं उदाहरण मला चटकन आठवत नाही. प्रतिस्पर्ध्याचा आदर वेगळा आणि लाड वेगळे, इथे सरळसरळ लाड आहेत.

मी जुन्या मॅचेस बघत, वाचत, परत बघत जे काही माझ्यापुरतं जुळवलंय ते असं, की वाल्डनरचं करिअर ही एकट्या वाल्डनरची गोष्ट नाहीच. अर्धी गोष्ट चीनची आहे. आधी चीननं त्याला घडवलं, मग त्यानं चीनला इतकं हलवलं की त्यांना सगळं पुन्हा बांधायला लागलं, आणि आज चीनची जी टीम आपण बघतो, जिच्यासमोर बाकी जग हतबल दिसतं, तिच्या पायात कुठेतरी हा स्वीडिश माणूस आहे.

जन्म 3 ऑक्टोबर 1965, स्टॉकहोम. स्वीडन म्हणजे लोकसंख्येनं चीनपुढे किस झाड की पत्ती, पण टीटीत तोवर अगदी नवखाही नव्हता. स्टेलान बेंग्टसन 1971 मध्ये नागोयाला अठराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला होता, 1973 मध्ये सारायेव्होला स्वीडननं टीम टायटल जिंकलं होतं तेही चीनला हरवून. म्हणजे वाल्डनर बॅट धरायला लागला तेव्हा चीनला हरवता येतं हे त्याच्या देशात लोकांनी बघितलेलं होतं. ही गोष्ट छोटी वाटते पण छोटी नाहीये. बाकी कितीतरी देशांतली पोरं चिनी खेळाडू समोर आला की मॅच सुरू व्हायच्या आधीच मनातल्या मनात हरलेली असतात.

1980 मध्ये, म्हणजे तो चौदा-पंधरा वर्षांचा असताना, त्याला चीनमध्ये ट्रेनिंगला जायला मिळालं. त्या काळातला चीन डोळ्यापुढे आणा. आताचा नाही, तेव्हाचा, सायकलींचा. आणि तिथे टीटीचे हॉल, त्यात टेबलांच्या रांगा, आणि प्रत्येक टेबलावर आपल्यापेक्षा सरस कुणीतरी. युरोपातून आलेलं एखादं पोरगं हे बघून घाबरून परत गेलं असतं. वाल्डनर तिथून दोन गोष्टी घेऊन आला असं मला त्याचा पुढचा खेळ बघून वाटतं. एक म्हणजे किती मेहनत करायची असते त्याचा अंदाज, आणि दुसरी, जास्त महत्त्वाची, सर्व्हिस ही रॅली चालू करायची फॉर्मॅलिटी नसून पॉइंट जिंकायचं हत्यार आहे ही समज. युरोपियन लोक तेव्हा टेबलापासून लांब उभे राहून दणादण टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेनं फिरवणारे फटके, मारण्यात रमलेले, हंगेरीवाले त्यात बाप. चिनी लोक मात्र पहिल्या तीन बॉलमध्ये पॉइंट संपवायचे. सर्व्ह, रिटर्न, ॲटॅक, खलास. वाल्डनरनं हे पहिले तीन बॉल चीनचे घेतले आणि त्यापुढचा खेळ युरोपचा ठेवला. दोन्हीकडचं पाणी एकाच विहिरीत आलं.

1982 मध्ये सोळाव्या वर्षी तो बुडापेस्टला युरोपियन चॅम्पियनशिपच्या फायनलला पोचला आणि आपल्याच देशाच्या मिकाएल अपेलग्रेनकडून हरला. मग सुरू झाला हरण्याचा मोठा अध्याय, जो हायलाइट्सच्या व्हिडिओत कधीच दिसत नाही. त्या वेळच्या चीनची ताकद म्हणजे, 1981 च्या नोव्ही सादच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये होती नव्हती ती सातही टायटल्स त्यांनी नेली होती. सातच्या सात. स्वीडन 1983 ला टोकियोत टीम फायनलला पोचला, चीनकडून हरला. 1985 ला गोथेनबर्गला, म्हणजे स्वतःच्या घरी, परत फायनल, परत चीन, परत हार. 1987 ला आपल्या दिल्लीत, परत तेच. दिल्लीतच वाल्डनर सिंगल्सच्या फायनलला पण होता, समोर जियांग जियालियांग, आधीच्या वेळचा चॅम्पियन, आणि तीही फायनल गेली. पुढच्या वर्षी सोलला टेबल टेनिस पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, तिथून वाल्डनर सिंगल्सचं मेडल न घेताच परतला, स्वीडनला ब्राँझ मिळालं ते एरिक लिंडमुळे.

म्हणजे बघा, तेविसाव्या वर्षापर्यंत या माणसाचं वर्ल्ड लेव्हलचं खातं म्हणजे भरपूर टॅलेंट, भरपूर फायनल आणि चीनच्या हातून भरपूर मार. आज सोशल मीडिया असता तर चोकर म्हणून मोकळे झाले असते लोक.

आता जरा खेळाबद्दल, कारण त्याशिवाय 1989 ला काय झालं ते कळणार नाही. तेव्हाचे बहुतेक चिनी ॲटॅकर पेनहोल्ड ग्रिपनं खेळायचे, बॅट पेन धरल्यासारखी. या ग्रिपचा फोरहँड म्हणजे चाबूक, मनगट मोकळं, सर्व्हिसला सोन्यासारखी ग्रिप. पण बॅकहँडला बॅटची तीच बाजू वळवून लावायला लागायची, त्यामुळे त्या बाजूनं ब्लॉक (आलेला बॉल नुसता अडवून परत द्यायचा) आणि पुश (हलकेच ढकलायचा) व्हायचा, जोरदार ॲटॅक अवघड. मग ते पायांनी भरून काढायचे, बॅकहँडच्या कोपऱ्यात सरकून तिथूनही फोरहँडच मारायचा. पाय चालतात तोवर ठीक. स्वीडिश पोरं शेकहँडवाली, हस्तांदोलनासारखी ग्रिप, दोन्ही बाजूंनी तितक्याच ताकदीनं मारणारी, आणि त्यांनी एक गोष्ट केली जी युरोपियन करत नसत, टेबलाच्या जवळ आले. मागे राहून सुंदर लांबलचक रॅली खेळण्यापेक्षा पुढे येऊन बॉल वर चढतानाच पकडायचा, आधी चिन्याच्या बॅकहँडला, मग एकदम उघड्या पडलेल्या फोरहँडला. चीनची वेळ चीनवरच उलटवली. ग्लू पण होता अर्थात, मॅचच्या आधी रबराखाली ताजा ग्लू लावला की रबर फुगून बॉल सुसाट सुटायचा, आणि युरोपवाले त्यात पुढे होते, हे सांगायला हवं, नुसतंच हिरोवर्शिप नको.

डॉर्टमुंड, 1989. टीम फायनल. स्वीडन 5, चीन 0. वाल्डनर, योर्गन पर्सन, अपेलग्रेन. पाच-शून्य! एकही मॅच नाही चीनला. मग सिंगल्सची फायनलही दोन स्वीडिशांमध्येच झाली आणि वाल्डनरनं पर्सनला पाच गेममध्ये हरवलं. पुढच्या वर्षी वर्ल्ड कप. 1991 ला चिबाला स्वीडन परत टीम चॅम्पियन, सिंगल्सची फायनल परत त्याच दोघांत, या वेळी पर्सननं वाल्डनरला सरळ हाणला. आणि चीन? पुरुषांच्या टीममध्ये सातवा. सातवा! त्यांच्याकडे खेळाडूंची कमी नव्हती, हरण्याची सवय नव्हती. तिथे काय वातावरण असेल याची कल्पना करून बघा.

आणि 1992 चं बार्सिलोना. वाल्डनरनं फायनलमध्ये फ्रान्सच्या जाँ-फिलिप गासियाँला 21-10, 21-18, 25-23 असं हरवलं. त्या ऑलिंपिकमध्ये अख्ख्या स्वीडनला मिळालेलं एकमेव गोल्ड ते हेच, आणि 2024 पर्यंत आशियाबाहेरच्या देशानं टेबल टेनिसमध्ये मिळवलेलं एकमेव ऑलिंपिक गोल्ड पण हेच. वर्ल्ड, वर्ल्ड कप, ऑलिंपिक, तिन्ही झाल्यानं ज्याला ग्रँड स्लॅम म्हणतात तो पुरुषांमध्ये पूर्ण करणारा पहिला माणूस. त्याच्यानंतर ज्यांनी केला ते सगळे चिनी. लिऊ गुओलियांग, काँग लिंगहुई, झांग जिके, मा लाँग, फान झेनडाँग. त्या यादीत वरती एकटा स्वीडिश आणि खाली चिन्यांची रांग, ही यादी मला फार आवडते.

इथे त्याच्या सर्व्हिसबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. टीटी न खेळणाऱ्याला स्पिन हा प्रकार काय आहे ते टीव्हीवर कळतच नाही, म्हणून त्याला प्रश्न पडतो की एवढा वर्ल्ड क्लास खेळाडू साधा बॉल नेटमध्ये का घालतोय. बॉलवर खाली काप, म्हणजे उलटं फिरणं, असेल आणि तुम्ही साधा ठेवलात तर बॉल नेटमध्ये जातो. काप आहे असं समजून बॅट उघडलीत आणि प्रत्यक्षात काप नसेल तर बॉल वर उडतो, मग समोरचा ठोकतो. म्हणजे सगळा खेळ समोरच्यानं बॉलला नेमका कुठे, किती स्पर्श केला ते वाचण्यात आहे. वाल्डनर सर्व्हिसला बॅट अंगठा आणि पहिल्या बोटात पकडायचा, बाकी बोटं सोडून, त्यामुळे मनगट सुटं. हाताची ॲक्शन एकच. पण बॉलला टच होतो तो क्षण इतका छोटा, आणि टचच्या आधी आणि नंतर बॅटचं असं काहीतरी फिरवणं, की बॉलवर खूप काप आहे, साइडस्पिन आहे की काहीच नाही हे समोरच्याला कळत नाही. पत्त्यांच्या डावात काही लोक असतात ना, हातात तिन्ही एक्के असोत की नुसत्या दुऱ्या-तिऱ्या, चेहऱ्याची रेष हलत नाही, तसली सर्व्हिस. आणि त्या काळच्या नियमात बॉलला टच होताना हातानं किंवा अंगानं तो क्षण झाकता यायचा, म्हणजे समोरच्याला ते दिसायचंच नाही. अर्थात झाकायची मुभा सगळ्यांनाच होती. झाकून सगळेच वाल्डनर झाले नाहीत.

त्याला टेबल टेनिसचा मोझार्ट म्हणतात, सगळीकडे म्हणतात, आणि मला ते विशेषण आवडत नाही. त्यात असं सुचवलं जातं की वरून कुठूनतरी उतरलं आणि याच्या मनगटात बसलं. त्याचा हात विलक्षण होता यात शंकाच नाही, बॉल बॅटवर येऊन जणू क्षणभर थांबायचा. पण तुम्ही त्याचे ब्लॉक बघा. समोरचा जीव खाऊन टॉपस्पिन मारतोय आणि हा ब्लॉक करताना शेवटच्या क्षणी बॅटचा कोन बदलतोय, एक ब्लॉक खोल, एक अगदी नेटजवळ मेलेला, एक बाजूला साइडस्पिन देऊन. हे दैवी वगैरे नाही, हे समोरच्याच्या पायांकडे बघणं आहे. त्याचं वजन कुठल्या पायावर आहे, तो कुठे जायला निघालाय, आणि मग बॉल बरोबर उलट्या बाजूला. तो बॉल खेळायचा त्याहून जास्त माणूस खेळायचा. मागे ढकलला गेला तर उंच लॉब टाकत बसायचा, प्रेक्षक टाळ्या पिटत असायचे, आणि तो मात्र समोरच्याचा एक स्मॅश जरा कमी लागायची वाट बघत असायचा, तो कमी लागला की दोन पावलं पुढे येऊन काउंटर. ही अक्कल आहे, आणि अक्कल मेहनतीनं, आणि बहुतेक हरून हरून, येते.

आता चीनकडे परत. सातव्या नंबरनंतर त्यांनी पुरुष टीमची जबाबदारी त्साय झेनहुआकडे दिली, जो स्वतः 1981 आणि 1983 च्या वर्ल्ड सिंगल्स फायनलमध्ये हरलेला, मग इटलीत कोचिंग करून आलेला. म्हणजे युरोप आतून बघून आलेला माणूस. आणि त्या मंडळींनी जे केलं ते मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. त्यांनी पेनहोल्ड टाकून दिला नाही आणि कवटाळूनही बसले नाहीत. लिऊ गुओलियांगसारखा पेनहोल्डवाला तयार झाला जो बॅकहँडला बॅटची मागची बाजू वापरायचा, म्हणजे जिथे स्वीडिशांनी मारलं होतं तिथेच दार बसवलं. काँग लिंगहुईसारखा शेकहँडवाला आला, दोन्ही बाजू युरोपियनांसारख्या मजबूत आणि वेग चिनी. परदेशी खेळाडूंची नक्कल करणारे प्रॅक्टिस पार्टनर तयार करायचे, त्यांच्यासमोर आपल्या पोरांना खेळवायचं, ही तर त्यांची खास पद्धत. आणि 1995 ला तिआनजिनला, आपल्या घरच्या वर्ल्डमध्ये, त्यांनी फायनलला डिंग साँग नावाचा चॉपर काढला, मागे जाऊन काप देणारा आणि मध्येच पुढे येऊन हाणणारा, ज्याची स्वीडनला नीट कल्पनाच नव्हती. त्यानं पर्सनला हरवलं, चीन 3-2 जिंकला. दोन वर्षांपूर्वी गोथेनबर्गला स्वीडननं परत एकदा चीनला फायनलमध्ये हरवलं होतं, त्याचाही हिशोब झाला.

साधारण इथे कुणाचंही करिअर संपायला हवं. तीस वर्षं वय, सगळं जिंकून झालेलं, चीननं तुमचा अभ्यास करून तुमच्यावरचा उतारा पण बनवलेला. वाल्डनर 1996 ला पहिल्यांदा युरोपियन सिंगल्स जिंकला, जी सोळाव्या वर्षी हुकली होती ती. आणि 1997 ला मँचेस्टरला वर्ल्ड सिंगल्स परत जिंकला, अख्ख्या स्पर्धेत एकही गेम न हरता. मॅच नाही, गेम. फायनलला समोर व्लादिमिर सॅमसोनोव्ह, त्याच्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान, युरोपचा पुढचा राजा म्हणून ज्याच्याकडे सगळे बघत होते तो. तीन-शून्य. ती फायनल मी कितीदा बघितलीय मलाच माहीत नाही, आणि दर वेळी वाटतं सॅमसोनोव्ह चांगला खेळतोय, काहीच चुकत नाहीये त्याचं, मग पॉइंट कुठे जातायत.

2000 मध्ये क्वालालंपूरला स्वीडननं चीनला हरवून परत टीम टायटल घेतलं, 3-2, ते वाल्डनर, पर्सन आणि पीटर कार्लसन, म्हणजे जवळजवळ तीच म्हातारी टोळी. मग सिडनी ऑलिंपिक. सेमीफायनलला लिऊ गुओलियांगला हरवलं आणि फायनलला काँग लिंगहुईसमोर पाच गेमपर्यंत नेलं. हरला. तो तेव्हा पस्तीसला टेकलेला. मला ही फायनल त्याच्या जिंकलेल्या कितीतरी फायनलपेक्षा मोठी वाटते, कारण समोर जो उभा होता तो याच्यावरच्या उत्तराचा पक्का झालेला नमुना होता. वाल्डनर एका अर्थानं स्वतःनंच चीनला घालून दिलेल्या पेपरचं उत्तर सोडवत होता, आणि शेवटच्या गेमपर्यंत सोडवत नेलं.

सिडनी संपली आणि टेबल टेनिसच बदललं. हे क्रिकेटवाल्यांना कदाचित विचित्र वाटेल, पण दोन वर्षांत या खेळाचे बॉल, मोजणी आणि सर्व्हिस, तिन्ही बदलले. ऑक्टोबर 2000 पासून 38 मिलीमीटरचा बॉल जाऊन 40 चा आला, जरा जड, जरा हळू, स्पिन कमी. 2001 पासून 21 पॉइंटचा गेम 11 चा झाला, पाच-पाच सर्व्हिसच्या जागी दोन-दोन. आणि 2002 पासून सर्व्हिसचा टच झाकायला बंदी, समोरच्याला दिसलाच पाहिजे. नीट बघितलं तर तिन्ही बदल जणू वाल्डनरच्या विरोधात केलेत असं वाटेल, केले नव्हते, टीव्हीसाठी आणि खेळ समजायला सोपा व्हावा म्हणून केले होते, पण लागले त्याला. स्पिनची बारीक कलाकुसर कमी झाली, 21 च्या गेममध्ये समोरच्याला वाचत वाचत सावकाश जाळं विणायला जो वेळ मिळायचा तो गेला, आणि सर्व्हिसचं रहस्य उघडं पडलं. वर 2002 मध्येच पाय मोडला. वय छत्तीस-सदतीस.

लोकांनी त्याला संपलेला समजलं असेल तर त्यांना दोष देता येत नाही. मी पण त्या वेळी तसंच म्हटलं असतं.

आणि मग अथेन्स, 2004. अडतीस वर्षांचा वाल्डनर ऑलिंपिकला आलाय, नवा बॉल, अकराचे गेम, उघडी सर्व्हिस. समोर आला मा लिन, चीनचा, तेव्हा जगातल्या अगदी वरच्या दोघा-तिघांतला, जो पुढे बीजिंगला ऑलिंपिक चॅम्पियन होणार होता. मा लिनचा जन्म 1980 चा, म्हणजे वाल्डनर चीनला ट्रेनिंगला गेला त्या वर्षीचा. वाल्डनरनं त्याला काढला. पुढे टीमो बोल, जर्मनीचा, आदल्या वर्षी वर्ल्ड नंबर वन झालेला, तेविशीतला. त्यालाही काढला. चार-एक. मग सेमीफायनलला कोरियाच्या ऱ्यू सुंग-मिनकडून हरला, तोच ऱ्यू पुढे गोल्ड घेऊन गेला, आणि ब्राँझच्या मॅचमध्ये वांग लिचिननं हरवलं. चौथा नंबर. मेडल नाही.

चीनच्या पाच पिढ्यांशी तो खेळला असं नेहमी म्हणतात, आणि मोजून बघा, बसतं ते. त्साय झेनहुआची पिढी, मग जियांग जियालियांग आणि छन लाँगकान, मग मा वेंगे, वांग ताओ, मग लिऊ आणि काँग, मग मा लिन, वांग लिचिन. पहिल्या पिढीतला त्साय कोच होऊन चौथी-पाचवी पिढी तयार करतोय आणि टेबलाच्या पलीकडे अजून तोच माणूस उभा. लिऊ गुओलियांग खेळणं थांबवून चिनी टीमचा कोच झाला तरी हा खेळतोच आहे. चिनी प्रेक्षकाच्या बाजूनं विचार केला तर त्यांचे हिरो येत गेले, जात गेले, एक माणूस कायम राहिला आणि तो त्यांचा नव्हता. लाड होणार नाहीत तर काय. घरातल्या मुलांपेक्षा शेजारचा जास्त दिसत होता.

एक गोष्ट मला खटकते ती पण सांगतो. स्वीडनमध्ये वाल्डनरनंतर काय? जवळजवळ काही नाही, बराच काळ. पर्सन मात्र पठ्ठ्या खेळत राहिला, सात ऑलिंपिक खेळला, 2008 ला बीजिंगमध्ये चाळिशी पार करून सिंगल्समध्ये चौथा आला. पण नवीन कोण? चीननं वाल्डनरकडून जे शिकायचं ते शिकून व्यवस्था उभी केली, स्वीडनकडे वाल्डनर स्वतः होता आणि व्यवस्था मात्र पातळ होत गेली. माझ्या मते हे एका माणसावर फार प्रेम केल्याचं नुकसान आहे, पण लहान देशाला दोष तरी किती देणार, तिथे पोरांना आइस हॉकी पण खेळायची असते. 2021 ला ट्रुल्स मोरेगार्ड वर्ल्डच्या फायनलला पोचला आणि 2024 ला पॅरिसमध्ये त्यानं तेव्हाच्या वर्ल्ड नंबर वन वांग चुचिनला लवकरच घरी पाठवून थेट सिल्व्हरपर्यंत मजल मारली, तेव्हा कुठे सिडनीनंतर स्वीडनला ऑलिंपिकमध्ये सिंगल्सचं मेडल दिसलं. ट्रुल्सची बॅटच कोपऱ्या-कोपऱ्यांची आहे, गोल नाहीये, खेळही तसाच, समोरच्याला कळत नाही हा काय करतोय. अंगात कुठेतरी ते आहेच.

वाल्डनर क्लबसाठी खेळत राहिला, आधी जर्मनीत, मग परत स्टॉकहोमला, आणि 2016 च्या फेब्रुवारीत, पन्नाशी झाल्यावर थांबला. मोठा सोहळा वगैरे करून नाही, लीगची मॅच खेळून.

कुणाला बघायला सुरुवात करायची असेल तर माझं ऐका, सगळे 1997 ची फायनल बघायला सांगतात, ती नंतर बघा. ती इतकी सफाईदार आहे की नवख्याला काही घडतंय असंच वाटत नाही. आधी 2004 ची बोलविरुद्धची लावा, आवाज चालू ठेवून, आणि बॉलकडे बघू नका. बोलच्या पायांकडे बघा.